गांधीजी आणि संगीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२ ऑक्टोबर आणि ३० जानेवारी जवळ आले की शाळांकडून, भजनी मंडळांकडून आणि गाण्याच्या क्लासमधून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, वादाचे नंतर. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगण्याऐवजी त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. गांधीजींना संगीत आवडायचं का? त्यांना कलेचं वावडं होतं असंच ऐकलंय.

आवडायचं. हा समज त्यांच्या हयातीतही होता आणि तो त्यांच्या कानावरही आला होता. जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांच्या ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. ते तिथे पडून असताना बंगाली गायक दिलीपकुमार राय त्यांना भेटायला आले, गायले, आणि त्यांनी हाच प्रश्न विचारला. संगीताशिवाय हिंदुस्थानच्या धर्मजीवनाची वाढ आपण कल्पूच शकत नाही, असं गांधीजींनी त्यांना सांगितलं. पुढे हेही म्हणाले की वैराग्य हीच आपल्या लेखी सगळ्यात मोठी कला.

या दुसऱ्या वाक्यात त्यांच्या आवडीची हद्द कळते. रात्र रात्र रंगणारी मैफल, एकेका स्वरावर रेंगाळणारा ख्याल, यात त्यांचं मन रमलं असं दिसत नाही. त्यांना हवं होतं ते दहा हजार माणसांना एका दमात उचलता येईल असं गाणं. रसिक म्हणून ही आवड तोकडीच म्हणावी लागेल. पण पुढचं जवळजवळ सगळं याच तोकडेपणातून निघालं आहे.

२. लहानपणी घरात गाणंबजावणं होतं का?

शिकवणी लावून शिकलेलं असं काही नाही. आत्मकथेत मात्र दोन आठवणी आहेत. वडील आजारी असताना पोरबंदरला रामजी मंदिरात रोज रात्री रामायण ऐकत. सांगणारे बिलेश्वरचे लाधा महाराज. त्यांचा गळा गोड होता. दोहे-चौपाया गाऊन ते अर्थ सांगत आणि स्वतःच त्यात बुडून जात. त्या वेळी गांधीजी तेरा वर्षांचे असतील. आपल्या रामायणप्रेमाचा पाया तिथे पडला, असं ते लिहितात.

दुसरी आठवण श्रावणबाळाच्या नाटकाची. श्रावणाच्या मरणानंतर आईबाप जो विलाप करतात त्याची चाल मुलाच्या मनात इतकी बसली, की वडिलांनी घेऊन दिलेल्या कॉन्सर्टिना या हातातल्या छोट्या भात्याच्या वाद्यावर तो ती वाजवत असे. म्हणजे गांधीजींनी एकेकाळी वाद्य हातात धरलं होतं. दुसरं वाद्य कोणतं, ते पुढच्या उत्तरात.

३. विलायतेत ते व्हायोलिन शिकले हे खरं का?

खरं, पण शिकले म्हणण्याइतके शिकले नाहीत. बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेल्यावर ‘सभ्य गृहस्थ’ बनण्याचं वेड लागलं. नाचाचा क्लास लावला, पण पियानोचा ठेका पायाला सापडेना. मग पाश्चात्त्य संगीताला कान तयार व्हावा म्हणून तीन पौंडांना व्हायोलिन घेतलं आणि शिकवणीही लावली. हे वेड तीनेक महिने टिकलं. आपण इथे विद्यार्थी म्हणून आलो आहोत हे ध्यानात आल्यावर शिकवणाऱ्या बाईंना जाऊन सांगितलं, मिळेल त्या किमतीला हे विकून टाका.

४. ते स्वतः गात असत का?

पुढे बसून एकट्याने गाणं हा त्यांचा प्रांत नव्हता. प्रार्थनेत अग्रभागी आवाज नेहमी दुसऱ्या कुणाचा असे. आधी पंडित खरे (प्रश्न ५), विनोबांचे भाऊ बाळकोबा भावे, पुढे गांधीजींची नात्याने नात लागणारी मनू गांधी. स्वतः ते सगळ्यांत मिसळून म्हणत.

एक गंमत मात्र मुलांना सांगण्यासारखी आहे. गांधीजींनी मेहनत घेऊन चाल बसवलेलं आणि इतरांना शिकवलेलं एक गाणं म्हणजे ब्रिटिश राष्ट्रगीत! दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ प्रांतात गांधीजी ते सभांमधून म्हणत आणि राजकोटला आल्यावर घरातल्या मुलांना त्यांनी ते घोकवून शिकवलं. पुढे त्यातल्या शत्रूंचा नायनाट करण्याच्या ओळी अहिंसेत बसेनात आणि ते सुटलं. गाण्याचे शब्द मनाला पटत नसतील तर चाल कितीही सवयीची असो, तोंडून काढायची नाही, ही शिस्त त्यांनी पुढे इतरांनाही लावली.

५. आश्रमात संगीत कोणी आणलं? ‘पंडितजी’ म्हणजे कोण?

पंडित नारायण मोरेश्वर खरे. आपल्याकडे संगीताच्या विद्यार्थ्यांनाही हे नाव पटकन आठवत नाही, म्हणून इथे जरा सविस्तर.

विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि दरबारातलं, कोठ्यावरचं गाणं साध्या घरातल्या मुलामुलींपर्यंत आणलं. खरे त्यांचे शिष्य. गांधीजींना आश्रमासाठी गाणारा माणूस हवा होता, आणि तो नुसता गाणारा असून भागणार नव्हतं. सूत काततील, संडास साफ करतील, व्रतं पाळतील असे बुवा त्यांना हवे होते. पलुसकरांनी खऱ्यांना दिलं. १९१८ च्या सुमारास ते अहमदाबादला आले ते आश्रमाचेच झाले.

प्रार्थना पहाटे आणि संध्याकाळी, रोज दोन वेळा. खऱ्यांनी पदं निवडली, त्यांच्या चाली सोप्या करून बांधल्या, त्यांचे राग नोंदवले, आणि त्यातून ‘आश्रम भजनावली’ तयार झाली. शहरातही त्यांनी संगीताचे वर्ग चालवले. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून दांडीला निघालेल्या ७८ सत्याग्रहींत ते होते. ३८५ किलोमीटरच्या आसपासची ती चाल, आणि मुक्कामाच्या गावी सभेआधी गाणं. १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसच्या वेळी तिथेच त्यांचं निधन झालं.

पलुसकरांच्या शिष्यांत ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास ही नावं मैफलीमुळे गाजली. खऱ्यांनी मैफल सोडली. त्यांच्या चाली मात्र त्या सगळ्यांच्या मैफलींपेक्षा जास्त लोकांनी गायल्या असतील.

६. आश्रम भजनावलीत मराठी काय आहे?

भजनावलीत गुजराती, हिंदी, मराठी, बंगाली, सिंधी अशी भाषावार पदं आहेत, शिवाय संस्कृत श्लोक. संध्याकाळच्या प्रार्थनेत गीतेच्या दुसऱ्या अध्यायातली शेवटची एकोणीस श्लोकांची स्थितप्रज्ञ-लक्षणं ठरलेली. अकरा व्रतांचे श्लोक म्हटले जात, ते विनोबांनी बांधलेले.

मराठी विभागात तुकोबा भरपूर. ‘पापाची वासना नको दावूं डोळां, त्याहुनि आंधळा बराच मी’ हा अभंग गांधीजींच्या विशेष आवडीचा. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना आपल्या इंग्रज शिष्या मीराबेन यांना अर्थ कळावा म्हणून त्यांनी भजनावलीचं इंग्रजी भाषांतर रोज थोडं थोडं करून पाठवलं, आणि त्याच तुरुंगवासात तुकोबांचे आणखी काही अभंगही इंग्रजीत नेले. राजद्रोहाच्या भीतीने डांबलेला माणूस कोठडीत बसून गाथा उलगडतोय, हे सरकारला बहुधा निरुपद्रवी वाटलं असावं.

विदर्भातला आणखी एक धागा: १९३६ मध्ये तुकडोजी महाराज गांधीजींच्या बोलावण्यावरून सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, महिनाभर राहिले. खंजिरीवरचं त्यांचं भजन तिथल्या प्रार्थनेत घुमलं.

७. ‘वैष्णव जन तो’ गांधीजींनी लिहिलं का?

नाही. जुनागढचे पंधराव्या शतकातले संत नरसी मेहता यांची ही रचना, भाषा गुजराती. हिंदी समजून म्हटल्यामुळे शब्द बिघडतात: ‘पीड पराई जाणे रे’ मधला ण नीट म्हणा, तो मराठी माणसाला तर अवघड नाही. प्रचलित चाल खमाजच्या अंगाची आहे.

गांधीजींना ते का भावलं, हे शब्दांतच आहे. देवळात जाणारा, टिळा लावणारा तो वैष्णव असं नरसी कुठे म्हणतच नाहीत. दुसऱ्याचं दुःख ओळखणारा, उपकार करून मनात अभिमान न आणणारा, परधनाला हात न लावणारा अशी माणसाच्या वागण्याची यादी आहे. तुकोबांचं ‘जे कां रंजले गांजले’ शेजारी ठेवून पाहा.

८. ‘रघुपति राघव’ची चाल कुणाची? आणि ‘ईश्वर अल्ला’ची ओळ मूळची आहे का?

आज सर्वत्र म्हटली जाते ती चाल पलुसकरांची मानली जाते. मूळ धून जुनी आहे आणि तिच्या कर्त्याविषयी एकमत नाही. ‘सुंदर विग्रह मेघश्याम’ अशा ओळींचे वेगळे पाठही आहेत.

‘ईश्वर अल्ला तेरो नाम, सबको सन्मति दे भगवान’ या ओळी धुनीच्या जुन्या पाठातल्या नाहीत. जानेवारी १९४७ मध्ये नोआखालीच्या दंगलग्रस्त गावांतून गांधीजी अनवाणी हिंडत होते. एका सभेत मनू गांधींनी रामधून म्हणताना या ओळी घातल्या. पोरबंदरला सुदामा मंदिरात लहानपणी ऐकलेल्या त्यांना आठवल्या, असं त्यांनी लिहून ठेवलं आहे. गांधीजींना ते इतकं आवडलं की रोज म्हणायला सांगितलं. त्यामुळे ‘गांधींनी भजनात फेरफार केला’ हे वाक्य अर्धंच खरं. भर घातली मनूने, पसंत केली त्यांनी. त्यावरून झालेल्या वादासाठी प्रश्न १० पाहा.

९. प्रार्थनेत इतर धर्मांची गाणी कधीपासून?

दक्षिण आफ्रिकेपासून. फिनिक्स आणि टॉलस्टॉय फार्म या तिथल्या त्यांच्या आश्रमवजा वसाहतींत संध्याकाळी सगळे एकत्र बसत, त्यात ख्रिस्ती भजनं असत. १० फेब्रुवारी १९०८ रोजी जोहान्सबर्गमध्ये मीर आलम आणि त्याच्या साथीदारांनी गांधीजींना रक्तबंबाळ होईपर्यंत मारलं. पाद्री जोसेफ डोक यांनी त्यांना आपल्या घरी नेलं. तिथे अंथरुणावरून त्यांनी डोक यांची छोटी मुलगी ऑलिव्ह हिला इंग्रज धर्मगुरू न्यूमनचं ‘लीड, काइंडली लाइट’ हे भजन म्हणायला सांगितलं. पुढे नरसिंहराव दिवेटियांनी त्याचं ‘प्रेमळ ज्योति’ हे गुजराती रूप केलं आणि ते आश्रमात रुळलं.

बाकीची भर माणसांसोबत येत गेली. कुराणातल्या आयती रेहाना तय्यबजींमुळे, जपानी बौद्ध भिक्षूंचा मंत्र त्या भिक्षूंमुळे, पारशी प्रार्थना आगाखान पॅलेसमधले सहबंदी डॉ. गिल्डर यांच्यामुळे. समिती नेमून सर्वधर्मसमभावाचं कोष्टक भरलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवावं.

१०. कुराणपठणावर लोकांनी आक्षेप घेतला तेव्हा गांधीजींनी काय केलं?

एप्रिल १९४७ मध्ये दिल्लीच्या भंगी कॉलनीतल्या वाल्मीकी मंदिराच्या आवारात प्रार्थना होत असे. फाळणीच्या बातम्यांनी वातावरण पेटलेलं. आयत सुरू होताच एकजण उठून विरोध करू लागला. गांधीजींनी त्याला हाकललं नाही आणि आयत वगळून पुढेही गेले नाहीत. त्या दिवशी प्रार्थनाच झाली नाही. पुढचे एक-दोन दिवसही तसंच. प्रार्थना होईल तर सगळी, नाहीतर नाही. विरोध करणारे शांत राहायला तयार झाले तेव्हाच ती पुन्हा सुरू झाली.

वाद अजून संपलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये पाटण्याच्या एका कार्यक्रमात याच ‘ईश्वर अल्ला’वरून गोंधळ होऊन गायिकेला माफी मागावी लागली.

११. पण गाण्याचा राजकारणाशी नेमका काय संबंध?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो, आणि महत्त्वाचा हाच आहे.

१९२० साली गांधीजी देशभर फिरत होते आणि स्टेशनास्टेशनावर लोंढे येत होते. धक्काबुक्की, आरडाओरडा, कुणी पाय धरतोय, कुणी डब्यात घुसतोय. त्या वर्षी सप्टेंबरात ‘यंग इंडिया’त त्यांनी झुंडशाहीवर लेख लिहिला. या गर्दीला वळण कसं लावायचं? त्यांच्या उपायांत संगीत होतं. संगीत म्हणजे ताल आणि शिस्त, त्याचा परिणाम विजेसारखा तत्काळ होतो. पण आपल्याकडे ते शास्त्रांप्रमाणे मूठभरांच्या हातात राहिलं, असं त्यांचं म्हणणं. स्वयंसेवकांना राष्ट्रीय गीतं एकसुरात म्हणण्याचं शिक्षण सक्तीचं करावं, मोठ्या गवयांनी काँग्रेस अधिवेशनात येऊन समूहाला गायला शिकवावं, अशी त्यांची सूचना होती.

वारीत दिंडी चालताना टाळकऱ्यांची रांग मोडत नाही, पाऊल ठेक्यात पडतं, हे ज्याने पाहिलंय त्याला हा मुद्दा वेगळा समजवावा लागणार नाही. लाठी न उगारता हजारो माणसं चालवायची तर त्यांना एका लयीत आणावं लागतं. पुढे प्रार्थनासभांत टाळी तालात पडली नाही तर ते थांबवून पुन्हा म्हणायला लावत. १९३७ च्या वर्धा शिक्षण योजनेत संगीत आलं तेही याच विचारातून: हाताला जसं वळण, तसं गळ्याला.

१२. ‘वंदे मातरम्’बद्दल त्यांची भूमिका काय होती?

गीतावर त्यांचं प्रेम होतं, सक्तीला विरोध होता. १९३९ मध्ये ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिलं की हे केवळ हिंदूंचं गीत आहे असं आपल्या मनात कधी आलंच नव्हतं, पण मिश्र सभेत त्यावरून भांडण होणार असेल तर ते म्हणण्याचा हट्ट धरू नये. त्याआधी १९३७ मध्ये काँग्रेस कार्यसमितीने पहिली दोनच कडवी म्हणण्याचा ठराव केला होता.

काकिनाडा अधिवेशनाचा किस्सा (१९२३, अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी हरकत घेतली, पलुसकर गातच राहिले) गांधीजींच्या नावाशी जोडून फिरतो. तेव्हा गांधीजी तिथे नव्हतेच, येरवड्याच्या तुरुंगात होते.

१३. त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीत कधी ऐकलं का?

डिसेंबर १९३१, गोलमेज परिषदेहून परतताना. स्वित्झर्लंडमधल्या व्हिलनव्ह इथे ते फ्रेंच लेखक रोमाँ रोलाँ यांच्याकडे उतरले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनीच बेटोव्हनचं काही वाजवा म्हणून सांगितलं. रोलाँ यांनी पियानोवर पाचव्या सिंफनीतला संथ भाग वाजवला, मग ग्लुकच्या ‘ऑर्फियस’मधला एक तुकडा.

बेटोव्हनच का? मीराबेन, म्हणजे मॅडलिन स्लेड, बेटोव्हनच्या वेडापायीच रोलाँकडे गेल्या होत्या, आणि रोलाँनीच त्यांना गांधींबद्दल सांगितलं. १९२५ मध्ये त्या साबरमतीला आल्या. ज्या संगीताने ही लेक आपल्याकडे पाठवली ते एकदा ऐकावं, एवढाच हेतू असावा असं आम्हाला वाटतं.

१४. उपवास सोडताना गाणं असे का?

असे, आणि ते विचारपूर्वक निवडलेलं असे. १९२४ चा दिल्लीतला २१ दिवसांचा उपवास हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी, मोहम्मद अलींच्या घरी सुरू झालेला. तो सुटताना आश्रमातल्या इमामसाहेबांनी कुराणातली प्रार्थना म्हटली, गांधीजींचे इंग्रज मित्र अँड्र्यूज यांनी ख्रिस्ती भजन, विनोबांनी उपनिषद आणि त्यांचे भाऊ बाळकोबांनी ‘वैष्णव जन’. बाळकोबांचा गळा आश्रमात नावाजलेला होता. पुढे उरुळीकांचनचा निसर्गोपचार आश्रम त्यांनीही सांभाळला.

२६ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्याच्या तुरुंगातला उपवास सुटताना रवींद्रनाथ ठाकूर स्वतः हजर होते आणि त्यांनी आपलं ‘जीवन जखन शुकाये जाय’ गायलं. मूळ चाल त्यांना त्या क्षणी आठवेना, तरीही गायले.

१५. सुब्बुलक्ष्मींचा ‘हरि तुम हरो’चा किस्सा खरा आहे का?

हो. १९४७ च्या वाढदिवसासाठी गांधीजींनी मीरेचं हे भजन एम. एस. सुब्बुलक्ष्मींच्या आवाजात मागवलं. आपल्याला ते नीट येत नाही, दुसऱ्या कुणाकडून गाऊन घ्यावं, असा निरोप गेला. उलट निरोप आला: दुसऱ्याने गाण्यापेक्षा सुब्बुलक्ष्मींनी ते नुसतं म्हटलेलं मला चालेल. मद्रासला घाईघाईने ध्वनिमुद्रण करून ते दिल्लीला पाठवलं गेलं. ३० जानेवारीला हत्येची बातमी आल्यावर आकाशवाणीने तेच लावलं.

याच्याच जोडीला विचारलं जातं, की गोळ्या झाडल्या तेव्हा रामधून चालू होती का? नाही. सरदार पटेलांशी बोलणं लांबल्याने उशीर झाला होता, ते प्रार्थनेच्या जागेकडे चालत होते. प्रार्थना सुरू व्हायची होती.

१६. गांधीजींवर राग रचले गेले आहेत का?

दोन ठळक. हत्येनंतर रविशंकरांनी ‘मोहनकंस’ बांधला. जन्मशताब्दीच्या निमित्ताने कुमार गंधर्वांनी ‘गांधी मल्हार’ रचला. ऐकून मगच मत बनवावं असा राग आहे, नाव वाचून नाही. परदेशात फिलिप ग्लास यांचा ‘सत्याग्रह’ हा ऑपेरा १९८० मध्ये रॉटरडॅमला झाला. विषय दक्षिण आफ्रिकेतला लढा, आणि गायचे शब्द संस्कृतातले, गीतेतले.

१७. ‘अबाइड विथ मी’ बीटिंग रिट्रीटमधून काढलं ते गांधीजींचं आवडतं गीत होतं म्हणतात?

होतं. हे इंग्रजी ख्रिस्ती भजन. प्रजासत्ताक दिनाच्या सांगतेच्या, २९ जानेवारीच्या त्या लष्करी बँडच्या सोहळ्यात ते वर्षानुवर्षं वाजत आलं आणि २०२२ मध्ये वगळलं गेलं. त्या जागी ‘ऐ मेरे वतन के लोगो’ आलं. योग्य-अयोग्य ज्याचं त्याने ठरवावं. पण परकं म्हणून काढलं असेल, तर ज्या माणसाने ते आपलं मानलं त्याच्या पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी ते काढावं हे आम्हाला रुचलं नाही.

१८. आमच्या भजनी मंडळाला २ ऑक्टोबरला अर्ध्या तासाचा कार्यक्रम करायचा आहे. काय घ्यावं?

‘उठ जाग मुसाफिर’ने सुरुवात, मग ‘वैष्णव जन’, तुकोबांचे दोन अभंग (प्रश्न ६), एखादं मीरेचं पद आणि शेवटी रामधून. पट्टी अशी धरा की समोर बसलेल्या आजींनाही वरचा षड्ज गाठता येईल. ताना, आलाप आवरा. रामधून द्रुत करत नेण्याचा मोह होतो. टाळी विस्कटू लागली की तिथेच लय धरून ठेवा. ‘आश्रम भजनावली’ अहमदाबादच्या नवजीवनने काढली आहे आणि ती देवनागरीतही मिळते. सगळ्यांच्या हातात प्रती नसतील तर धुनीच्या चार ओळी फळ्यावर लिहून ठेवल्या तरी पुरे.